विचारायचं नाही, हा माझाच नियम

मंदाताई,

त्या रविवारच्या कवितांच्या यादीत तुझं नाव चौथं होतं. यादी मी मंगळवारी संध्याकाळीच फळ्यावर लिहून ठेवली होती. बुधवारपासून दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासायला घ्यायचे होते, आणि एकदा पेपर हातात घेतले की मला कशाचं भान राहत नाही, हे तुला ठाऊक आहे. बुधवारी सकाळी साडेदहाला फोन वाजला तेव्हा मी एका मुलीच्या निबंधातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारत होते. तुझा नंबर दिसला म्हणून उचलल्या उचलल्या म्हटलं, रविवारी उशीर केलास तर बघ. पलीकडे प्राची होती, तुझी लेक. ती म्हणाली, "मॅडम, आई वारली." आणि मी काय विचारलं माहीत आहे? मी विचारलं, "म्हणजे रविवारी येणार नाही का?"

या प्रश्नाची लाज मला जन्मभर पुरेल. पोरीने मात्र सरळ उत्तर दिलं, नाय मॅडम, येणार नाय, आणि फोन ठेवला. त्यानंतर मी आणखी दोन निबंध तपासले. खरंच तपासले, गुणही दिले. एकाला सातच्या जागी सतरा दिले, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

आज पंधरा दिवस झाले. तू सकाळी तांदूळ निवडत बसली होतीस, माहेरपणाला आलेल्या प्राचीला म्हणालीस जरा पाणी दे, आणि तिने पाणी आणेपर्यंत कलंडलीस. रिक्षातून दवाखान्यात नेलं, तिथे डॉक्टरांनी बघून मान हलवली. हे सगळं मला पाच जणांनी पाच वेळा सांगितलं आणि पाचही वेळा मी असं ऐकलं, की कोणीतरी दुसऱ्याच बाईबद्दल बोलतंय. बावन्न वर्षांची बाई. आदल्या रविवारी माझ्या वर्गात माईक हातात घेऊन उभी होती, आणि शेवटी माझ्या चहाला नावं ठेवून गेली होती.

कामोठे गावातल्या तुमच्या घरी पोचले तेव्हा ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. आणि तुझे दोन्ही भाऊ आले होते गं. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या भूखंडाच्या कागदावर तू हक्क सोडल्याची सही केली नाहीस, "मना पैसं नको, नुसतं नाव ऱ्हाऊ द्या" एवढंच म्हणालीस, म्हणून ज्यांनी नऊ वर्षं तुला माहेरच्या दारात उभं केलं नाही, ज्यांनी तुझ्या आईच्या मयताचा निरोपसुद्धा तिसऱ्या दिवशी पाठवला, ते दोघे माहेरची साडी घेऊन आले होते. हिरवी, जरीकाठाची. सवाष्ण बाई गेली की माहेरची साडी येते, ही रीत मला कळते. पण तुला ती साडी नेसवत असताना मला ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. मी कधीच ओरडत नाही, मी वर्ग घेते.

तू पहिल्यांदा आलीस तो दिवस आठव. प्राची माझी जुनी विद्यार्थिनी, तिच्या लग्नाची पत्रिका द्यायला तू खांदा कॉलनीत माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात चढून आलीस, आणि तो नेमका रविवार निघाला. बाकं मागे सरकवलेली, मध्ये एक माईक, आणि आपला फैयाज उभा राहून बोलत होता. कुवेतला नोकरीत असताना बापाचा जनाजा त्याने फोनवर पाहिला, त्याबद्दल. तू पत्रिका तशीच हातात धरून शेवटच्या बाकावर टेकलीस. फैयाजचं संपल्यावर मी तुला समजावलं, की याला स्पोकन वर्ड म्हणतात, लिहिलेलं उभं राहून, स्वतःच्या आवाजात बोलायचं, मनात साचलेलं मोकळं होतं. तू म्हणालीस, म्हणजे उभ्यानं बोलायची कविता. आमच्या इंग्रजी नावापेक्षा हे नाव बरं होतं. मग हळूच विचारलंस, "मना बी बोलता येईल कं? माज्या पोरीला मांडवात आनायला मामा येनार नाय."

पुढच्या रविवारी तू वहीच्या चार पानांवर लिहून आणलंस, आणि मी काय केलं? लाल पेन काढलं. नाय चं नाही केलं, व्हतं चं होतं केलं, पानी चं पाणी केलं. तू ते सुधारलेलं वाचायला लागलीस आणि पहिल्या पानावरच थांबलीस. म्हणालीस, मॅडम, हे बोलनारी बाई मी वलखत नाय. कागद बाकावर ठेवलास आणि आईच्या मयताबद्दल न बघता बोललीस. निरोप मिळाल्यावर तू रिक्षा करून माहेरी गेलीस, दार बंद होतं, तर ओट्यावर बसून घरात जाळलेल्या उदाचा वास घेऊन परत आलीस. मी बावीस वर्षं मराठी शिकवतेय. त्या दिवशी पेन पर्समध्ये ठेवलं ते रविवारी पुन्हा कधी काढलं नाही. याबद्दल मी तुझी माफी मागितली नव्हती. आपण दोघींनी ते हसण्यावारी नेलं होतं.

आता त्या नियमाबद्दल. आपला वाद अर्धा राहिलाय, तो तरी पुरा करते.

माझा घटस्फोट झाला त्या वर्षी मी वाशीच्या एका कॅफेत पहिल्यांदा माईकवर उभी राहिले. अकरा वर्षं नवऱ्याचा डबा भरला, आणि निघताना त्या घरातून फक्त तो डबा उचलून आणला, अशी ती कविता. बोलून झाल्यावर इतकं हलकं वाटलं, की मला वाटलं आता आपण बरे झालो. जिना उतरताना एक अनोळखी बाई शेजारी आली आणि म्हणाली, मग मूलबाळ का नाही झालं तुम्हाला? मी उरलेला जिना कसा उतरले मला आठवत नाही. म्हणून स्वतःचा कट्टा सुरू केला तेव्हा पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं: माईकवर बोललेलं माईकवरच राहील. नंतर कोणी कोणाला विचारायचं नाही, खरं का, कधी झालं, पुढे काय झालं. सगळ्यांना नियम पटला. पटला नाही तो तुला एकटीला.

तू म्हणायचीस, तुझी मावशी कोणाच्या मयताला गेली की रडणाऱ्या बाईशेजारी बसायची आणि मध्ये मध्ये विचारायची, मग काय झालं गो? मग ती काय बोलली? तिने विचारलं की रडणारी पुढचं बोलायची. "नाय इचारलं तर बाई तितंच आडकते," तू म्हणालीस. मी म्हटलं, ताई, हे मयत नाही, ही कला आहे. तू माझ्याकडे असं बघितलंस की मी पुढचं नाव पुकारलं.

आणि नियम मोडायचा तो मोडलासच. माझी डब्याची कविता मी कट्ट्यावर एकदाच केली. संपल्यावर सगळे शहाण्यासारखे गप्प उतरून गेले. तू खाली भाजीवाल्यापाशी मला गाठलंस. डबा अजून घरी हाय कं? मी म्हटलं, नियम. तू म्हणालीस, नियम ऱ्हाऊ द्या, डबा हाय कं नाय? मी चिडून म्हटलं, आहे. त्यात काय ठेवता? काही नाही, रिकामा आहे. एवढ्यावर मी तुला भर रस्त्यात झापलं, तुझ्यासारख्या बायकांमुळेच लोक मनातलं बोलत नाहीत म्हणून. तू दोन रविवार आली नाहीस. तिसऱ्या रविवारी आलीस ती शेर-दीड शेर कडवे वाल घेऊन. म्हणालीस, हे त्या डब्यात ठेवा, रिकामं भांडं घरात बरं नाय.

मी वाल घेतले आणि तोंडदेखलं थँक्यू म्हटलं. घरी जाऊन माळ्यावरून तो डबा काढला, घासला, वाल भरले, आणि ओट्यापाशी उभी राहून अर्धा तास रडले. सात वर्षं कविता करून जे झालं नव्हतं ते त्या दिवशी झालं, मंदाताई. माईकने झालं नाही, तू विचारलंस म्हणून झालं. हे तुला सांगायला माझ्यापाशी पुढचं दीड वर्ष होतं. सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर नियम चुकला असं कबूल करावं लागलं असतं, आणि मी कसली हटवादी आहे ते तुला वेगळं सांगायला नको. उलट मी नियम आणखी कडक केला.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

जानेवारीत आपण सगळे कर्नाळ्याला गेलो होतो. झाडाखाली बसून कविता करायच्या, मग ज्याला जायचं त्याने किल्ल्यावर जायचं. तू म्हणालीस, किल्ला खालूनच बरा दिसतो. आम्ही हसलो. मी तर म्हटलं, कामोठ्याचं बियाणं असं ढिलं कसं? तूही हसलीस, आणि सगळ्यांच्या पिशव्या राखत खाली बसलीस.

मग तू जाण्याआधीचा, शेवटून तिसरा रविवार. तू नवी कविता आणलीस. नाव सांगितलं, जिना. मला ती पाठ झालीये. पंधरा दिवसांत दुसरं काही पाठ करता आलेलं नाही.

दुसऱ्या माल्यावर मी खाली वाकते,
चपलेचा पट्टा लावते.
पट्ट्याला काय झालेलं नाय.
माजा दम सुटलेला असतो.
छातीवर कोनीतरी पाटा ठेवतो,
डावा हात माजा नसतो, दुसऱ्या कोनाचा असतो.
घरी सांगितलं तर बोलतील, बस आता घरी.
मंग माजा रविवार जाईल.
म्हनून मी चपलेला सांगते.

बारा जण होतो आम्ही खोलीत. त्यात एक शाळामास्तर, एक बँकेतली बाई, एक फार्मसीचं शिकणारी मुलगी. बाराच्या बारा जणांना कविता आवडली. मी तर शेवटी सगळ्यांना सांगितलं, की दुःख असं अंगात उतरवून लिहायचं असतं, शिका मंदाताईंकडून. तू माईक ठेवलास आणि आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून बघितलंस. तेव्हा मला वाटलं, कौतुक ऐकायला थांबलीयेस.

पुढच्याच रविवारी मी खाली दूध आणायला गेले होते. परत चढताना दुसऱ्या मजल्यावर तू वाकलेली होतीस. तुझ्या पायात त्या दिवशी साध्या स्लीपर होत्या, अंगठ्याच्या. लावायला पट्टाच नव्हता. मी ते बघितलं. मंदाताई, मी ते नीट बघितलं. तुझ्या कपाळावर घाम होता तोही बघितला. तोंडाशी आलं होतं, ताई, अगं हे खरं आहे का? आणि मग मी स्वतःलाच म्हटलं, जिन्यात विचारायचं नाही. तुला म्हटलं, ये लवकर वर, चहा ठेवतेय. आणि पिशवी घेऊन तुझ्या शेजारून वर गेले.

दहा दिवसांनी तू गेलीस.

बाराव्याला प्राची मला मागच्या पडवीत घेऊन गेली. डोळे सुजलेले, पण स्वर नेहमीचा, वर्गात शंका विचारायची तसा. "मॅडम, डॉक्टर बोलले, तिला कधीपासून त्रास होत असणार. आमच्यापैकी कोणाला एका शब्दाने बोलली नाय. तुमच्याकडे दर रविवारी यायची. तुम्हाला काही बोलली होती का?"

मी म्हटलं, "नाही."

इतकं सहज म्हटलं, की मलाच नवल वाटलं. प्राचीने मान हलवली, आणि मला आग्रहाने जेवायला बसवलं. तुझ्या घरचा भात मी खाल्ला, पोटात खोटं ठेवून.

त्या संध्याकाळी फैयाजचा फोन आला. तुला माहीत आहे, सगळ्यांच्या कविता तो मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवतो. म्हणाला, मॅडम, जिनावाला ऑडिओ मी परत ऐकला, तेव्हापासून जेवण जात नाहीये. म्हणाला, आपण सगळ्यांनी ऐकलं होतं ना, आणि फोनवरच रडायला लागला. मग विचारलं, घरच्यांच्या हाती लागला तर त्यांना फार सदमा बसेल, डिलीट करू का? मी म्हटलं, थांब. दोन दिवस तो थांबला आणि मी नुसती खोलीत येरझाऱ्या घातल्या. पुसला असता तर कोणाला कळलंही नसतं. बाराही जण गप्पच राहिले असते, आमचा नियमच तो. आणि तू शेवटी एकदा उघडपणे जे बोललीस ते कोणी ऐकलंच नाही असं झालं असतं.

काल दुपारी मी कामोठ्याला गेले. प्राची ओटीवर तुझ्या साड्यांच्या घड्या घालत होती. काका, तुझा नवरा, दारात खुर्ची टाकून बसले होते, तू असताना बसायचे तसेच, न बोलता. मी उभ्यानेच सांगितलं, की मी खोटं बोलले. आई बोलली होती, आमच्या बारा जणांसमोर बोलली होती. आणि मोबाइल मध्ये ठेवून, फैयाजकडून मागवलेल्या तुझ्या सगळ्या रेकॉर्डिंगमधलं ते लावलं.

तुझा आवाज त्या ओटीवर आला तसे काका खुर्चीतून अर्धे उठले आणि परत बसले. प्राची साडी हातात धरून ऐकत राहिली. डाव्या हाताची ओळ झाली आणि पाठोपाठ टक टक टक आवाज आला. प्राचीने विचारलं, हा आवाज कसला? मी सांगितलं, आम्ही टाळ्या वाजवत नाही, मध्ये एखादी ओळ आवडली की बोटांनी चुटक्या वाजवतो.

"ह्या ओळीला वाजवल्या?"

"हो."

"तुम्ही पण?"

"पहिली माझीच आहे."

मला वाटलं आता ती मला जा म्हणेल. तिने म्हणायला हवं होतं. तिने साडीचे काठ जुळवले, मग विचारलं, आईच्या अजून आहेत का? म्हटलं, एकवीस आहेत. म्हणाली, सगळ्या लावा.

आम्ही तिघं ऐकत बसलो. आणि ताई, जे मी तीन-चार वर्षांत एकदाही केलं नाही ते तुझी पोर प्रत्येक कवितेनंतर करत होती. हे खरं आहे? हे कधी झालं? आई तेव्हा रडली का? मी दर वेळी तेच उत्तर देत होते, माहीत नाही गं, मी विचारलं नव्हतं. सातव्या कवितेत तू म्हणतेस, प्राचीच्या आधी तुला एक मुलगी झाली होती, नऊ दिवसांची होऊन गेली. ती कविता मला चांगली आठवत होती. कल्पना छान आहे, असं मी तेव्हा मनात म्हटलं होतं.

प्राचीला हे ठाऊक नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं, मी नाही अशी मान हलवली. मग तिने दाराकडे वळून विचारलं, "पप्पा, तिचं नाव काय होतं?"

मला वाटलं, काका उठून आत जातील. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "नाव तुज्या आईनं ठरवलं व्हतं. बारशालाच सांगेन बोलली. मंग बारसंच झालं नाय. मी बी परत कदी इचारलं नाय."

मंदाताई, काय ठरवलं होतंस गं नाव?